शिंगांपासून सोनेरी बटांपर्यंत

एप्रिल १९४५. मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यानं ओसाका शहर होरपळून निघालं होतं, तरीही तिथल्या शोचिकुझा थिएटरात एक कार्टूनपट लागला होता : 'मोमोतारो, उमि नो शिंपेई'. जपानचा हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. नौदलाच्या पाठबळावर, युद्धाच्या प्रचारासाठी काढलेला. ससे, माकडं, अस्वलं असे गोंडस सैनिक पॅराशूटनं एका बेटावर उतरतात आणि तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना शरण यायला लावतात. मोमोतारोच्या मूळ लोककथेत तो राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो. इथे राक्षसांच्या जागी इंग्रज आहेत, आणि चित्रकारानं ते राक्षसपण सुचवण्यावर सोडलेलं नाही. गणवेशातल्या, घाबरून इंग्रजीत चाचरत बोलणाऱ्या त्या गोऱ्या साहेबांच्या डोक्यावर चक्क शिंग आहे.

जवळजवळ रिकाम्या त्या थिएटरात सोळा वर्षांचा एक मुलगा बसला होता. प्रचाराशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. पडद्यावर हलणारी चित्रं पाहून त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि आपणही कधीतरी असा चित्रपट काढायचाच असं त्यानं मनाशी ठरवलं. त्याचं नाव ओसामू तेझुका. आठच वर्षांनी, १९५३ मध्ये, याच तेझुकांनी 'रिबन नो किशी' ही चित्रमालिका सुरू केली. तिची नायिका सॅफायर ही एका काल्पनिक, पण अंगाखांद्यावर सगळा युरोपी साज ल्यालेल्या राज्याची राजकन्या. पुरुषवेशात तलवार चालवणारी. आणि १९७२ मध्ये दुसऱ्या एका चित्रमालिकेतून आली ओस्कार : व्हर्सायच्या राजवाड्यातली रक्षकप्रमुख, भुरभुरत्या सोनेरी बटांची, जिच्यासाठी जपानी मुलींची एक अख्खी पिढी वेडी झाली.

डोक्यावरच्या शिंगापासून खांद्यावर रुळणाऱ्या सोनेरी बटांपर्यंतचा प्रवास सत्तावीस वर्षांत झाला. ज्या देशावर गोऱ्यांनी अणुबॉम्ब टाकले, ज्या देशावर त्यांच्या सैन्यानं जवळपास सात वर्षं ताबा ठेवला, तिथे तो गोरा चेहरा सौंदर्याचा मानदंड कसा झाला, हा प्रश्न मला कधी सोडत नाही. 'जिंकणाऱ्याचं कौतुक' असं उत्तर पटकन सुचतं. चित्रं पाहत गेलं की ते अपुरं वाटू लागतं.

आधी थोडं मागं जाऊ. परदेशी माणसाचं चित्र काढण्याची जपान्यांची हौस जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी आपला गोवा आहे. पोर्तुगिजांचा जपानशी चालणारा सगळा कारभार गोव्यातून होई. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला तो गोव्याहून निघून, आणि त्याच्यासोबत जो आंजिरो नावाचा जपानी होता त्याचा बाप्तिस्माही गोव्यातच झालेला. पुढे गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाणारी ती मोठाली काळी जहाजं जपानी चित्रकारांनी घडीच्या पडद्यांवर रंगवली. कानो नाइझेन या चित्रकाराचे असे पडदे कोबेच्या संग्रहालयात आहेत. एका पडद्यावर परदेशातलं बंदर आहे, आणि त्या कल्पनेतल्या बंदरात एक हत्तीसुद्धा उभा आहे. दुसऱ्यावर जहाज नागासाकीला लागलंय आणि फुग्यासारख्या विजारी घातलेले, लांबसडक नाकांचे पोर्तुगीज ऐटीत चाललेत. हे लोक नाकीडोळी नीटस म्हणून रंगवलेले नाहीत. ते नवलाचे आहेत. १८५३ मध्ये अमेरिकेचा पेरी तोफा घेऊन आला तेव्हाही काही जपानी चित्रांत त्याचं नाक असंच फुगलं, पार लोककथेतल्या लांबनाक्या तेंगू राक्षसाच्या वळणावर गेलं. म्हणजे सुमारे तीनशे वर्षं परदेशी माणूस नाकावरून ओळखला जात होता आणि ते नाक देखणं नव्हतं.

इथे एका गैरसमजाची गाठ सोडवली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं भलत्याच वाटेला जाईल. 'ॲनिमेतली सगळीच पात्रं गोऱ्या लोकांसारखी दिसतात', असं आपल्याकडेही सर्रास म्हटलं जातं. मोठे डोळे, पिवळे-निळे-गुलाबी केस, म्हणजे युरोपी. पण 'सेलर मून'मधली उसागी पिवळ्या केसांची असूनही टोकियोतली शाळकरी मुलगी आहे, आणि तिला कुणी जपानी वाचक परदेशी समजत नाही. 'के-ऑन'मधल्या त्सुमुगीचे डोळे निळे आहेत. तीही जपानीच. जपानी वाचकासाठी कागदावरचा साधा चेहरा हा आपल्यातलाच चेहरा असतो. त्याला आपलेपणाची वेगळी खूण लागत नाही. खूण लागते ती परक्याला.

केसांचा रंग हा तर बऱ्याच अंशी शाई-कागदाचा मामला आहे. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मुख्यतः काळ्या-पांढऱ्यात छापला जातो. एका चौकटीत तीन मुली उभ्या असतील आणि तिघींचे केस काळेभोर असतील, तर लहान आकारात वाचकाला कोण कुठली ते कळणार नाही. मग एकीचे केस शाईनं भरीव काळे करायचे, दुसरीच्या केसांवर ठिपक्यांचा चिकटकागद लावायचा, तिसरीचे केस नुसत्या रेषांनी काढून आत कागद कोरा सोडायचा. हे कोरे केस मुखपृष्ठावर रंगीत झाले की पिवळे होतात. मांगातलं 'सोनं' म्हणजे मुळात शाई न लागलेला कागद आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उलगडलं.

मग खरा परदेशी कसा ओळखायचा? तर जपानी पात्राचं नाक दोन ठिपक्यांत किंवा एका छोट्या रेघेत आटपतं, आणि परदेशी पात्राला नाकाचा पूर्ण कणा मिळतो. हनुवटी लांबते, कधी तिला मधोमध खाच पडते. उंची वाढते, पाय फार लांब होतात, डोळ्यांच्या खोबणीत सावली येते. नाइझेनच्या पडद्यावरचं तेच नाक, पण आता ते सरळ आणि रेखीव झालंय.

ते रेखीव कुणी केलं, याचं उत्तर मला एका रेल्वे कंपनीत सापडतं. इचिझो कोबायाशी या उद्योजकानं ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावापर्यंत रेल्वे नेली आणि गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून तिथे फक्त मुलींची एक नाटक मंडळी उभी केली. पहिला प्रयोग १९१४ मध्ये झाला. ही मंडळी आजही जोरात चालते. तिथे पुरुषांच्या भूमिका बायकाच करतात, आणि १९२७ च्या 'मों पारी'पासून पॅरिसची झगमगती, नाच-गाण्यांची रेव्ह्यू तिथे रुजली. बालगंधर्व रंगमंचावर जे पातळ नेसत, जसा अंबाडा घालत, ते घरोघरच्या मराठी बायका उचलत. ताकाराझुकात हाच खेळ उलटा चालला. पुरुष झालेल्या बाईच्या प्रेमात बायका पडल्या, आणि तो पुरुष बहुतेकदा युरोपी राजपुत्र किंवा अधिकारी होता. तेझुका लहानाचे मोठे झाले ते याच ताकाराझुका गावात. आईबरोबर त्यांनी हे प्रयोग पाहिले होते. पुरुषवेशातली सॅफायर कुठून आली हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे मुलींच्या मासिकांत जुनइची नाकाहारांसारखे चित्रकार युद्धाआधीपासूनच टपोऱ्या, ओलसर डोळ्यांच्या मुली काढत होते. १९५० च्या दशकात माकोतो ताकाहाशींनी त्या डोळ्यांत तारे घातले. युरोपी पोशाख आणि ताऱ्यांचे डोळे, दोन्ही तयार होतं. फक्त त्यात जीव ओतणारं कुणी यायचं होतं.

रियोको इकेदा १९७२ मध्ये चोवीस वर्षांच्या होत्या. टोकियोत तत्त्वज्ञान शिकायला आलेल्या, डाव्या विद्यार्थी चळवळीत वावरलेल्या. स्टेफान झ्वाइगनं लिहिलेलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं चरित्र त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. मुलींच्या साप्ताहिकात फ्रेंच राज्यक्रांतीवर चित्रमालिका काढायची, असा त्यांनी हट्ट धरला. इतिहास मुलींना चालणार नाही, असं संपादकांचं मत होतं. इकेदा मागं हटल्या नाहीत. १९७२ मध्ये 'मार्गारेट' साप्ताहिकात 'बेरुसाइयु नो बारा', म्हणजे व्हर्सायचा गुलाब, सुरू झाली.

नायिका खरं तर राणीच होती. पण राणीचं रक्षण करायला इकेदांनी एक काल्पनिक पात्र उभं केलं : ओस्कार. जार्जे नावाच्या सरदाराला मुलगा हवा होता, झाली सहावी मुलगी. त्यानं तिला मुलगा म्हणूनच वाढवलं. ती गणवेश घालते, तलवार चालवते, पुरुषांना हुकूम सोडते, आणि तिचं सौंदर्य पाहून राजवाड्यातल्या बायका उसासे टाकतात. काही आठवड्यांतच वाचकांच्या पत्रांनी कौल दिला आणि राणी हळूहळू बाजूला सरकली. ओस्कारशेजारी आंद्रे आहे, तिच्या दाईचा नातू, तिचा लहानपणापासूनचा सोबती. हे दोघं एका चौकटीत आले की पाहावं. आंद्रेचे केस भरीव काळे, ओस्कारचे कोरे पांढरे. एका पानावर रात्र आणि उजेड शेजारी उभे केल्यासारखे दोघं दिसतात. आंद्रेही फ्रेंचच आहे, पण त्याच्या काळ्या केसांत जपानी वाचक मुलीला ओळखीचं काहीतरी मिळत असावं, असं मला वाटतं. ओस्कार सरदारघराणं सोडून क्रांतीच्या बाजूला जाते, बास्तीच्या तुरुंगावरच्या हल्ल्यात सैनिकांचं नेतृत्व करते, आणि तिथेच मरते.

हे सगळं फ्रान्समध्येच का घडायला हवं होतं? माझं म्हणणं इथेच आहे. १९७२ च्या टोकियोत एखादी तरुणी लग्नाला नाही म्हणते, पुरुषांच्या तुकडीची प्रमुख होते, आपल्यापेक्षा खालच्या दर्जाच्या पुरुषाला स्वतः जवळ बोलावते, असं दाखवलं असतं तर वाचक मुलीला ते खोटं वाटलं असतं आणि तिच्या आईला धक्कादायक. फ्रान्समध्ये चालून गेलं. सामान्य जपानी माणसाला हौसेखातर परदेशी जाण्याची मुभाच १९६४ मध्ये मिळाली होती, आणि १९७१ पर्यंत डॉलरला ३६० येन मोजावे लागत. युरोप इतका लांब होता की त्याच्या अंगावर काहीही घालता येत होतं. त्या सुंदर गोऱ्या चेहऱ्यांत युरोपचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त आहे ती जपानी मुलींना स्वतःसाठी हवी असलेली मोकळीक.

हे एकट्या इकेदांचं नव्हतं. मोतो हागियो आणि केइको ताकेमिया याच वयाच्या, याच पिढीतल्या. ताकेमियांची 'काझे तो कि नो उता' दक्षिण फ्रान्समधल्या मुलांच्या वसतिगृहात घडते. त्यातलं दोन मुलांमधलं उघड प्रेम छापायला तयार होणारे संपादक मिळायला त्यांना काही वर्षं झगडावं लागलं, आणि मालिका १९७६ मध्ये सुरू झाली. हागियोंची 'तोमा नो शिन्झो' जर्मनीतल्या मुलांच्या शाळेत घडते. याच विषयावरच्या आधीच्या एका कथेचा आराखडा हागियोंनी मुलींच्या शाळेवर बेतूनही पाहिला होता. तो त्यांना रुचला नाही, मुलांच्या शाळेवरचा मोकळा वाटला. मुलगी नको आणि जपान नको : स्वतःपासून दोन पावलं दूर गेल्यावर या बायकांना स्वतःबद्दल बोलता आलं. १९७२ मध्ये हागियो आणि ताकेमिया काही मैत्रिणींबरोबर प्रत्यक्ष युरोप पाहून आल्या. त्यानंतर त्यांच्या चित्रांतल्या खिडक्या, जिने, फरसबंद रस्ते बदलले.

या कल्पनेतल्या चेहऱ्याला एक खरा चेहरा मात्र होता, आणि त्याची गोष्ट ऐकल्यावर मला ओस्कार पूर्वीसारखी निर्धास्तपणे पाहता येत नाही. ब्योर्न आंद्रेसेन हा स्वीडिश मुलगा लुकिनो व्हिस्कोन्तीच्या 'डेथ इन व्हेनिस'मध्ये १९७१ साली झळकला. शूटिंगच्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता. जपानमध्ये त्याच्यावर मुली अक्षरशः तुटून पडल्या. त्याला तिथे नेलं गेलं, त्याच्याकडून जपानीत गाणी गाऊन घेतली गेली, चॉकलेटच्या जाहिराती करवून घेतल्या गेल्या. २०२१ मध्ये त्याच्यावर एक माहितीपट आला. त्यात पांढऱ्या दाढीचा, खंगलेला आंद्रेसेन जपानला परत जातो आणि इकेदांना भेटतो. ओस्कारच्या चेहऱ्यामागे तो होता, हे इकेदा तिथे सांगतात. थकून गेलेल्या त्या मुलाला उभं ठेवण्यासाठी तेव्हा गोळ्या दिल्या जात, असं तो सांगतो. ज्या चेहऱ्यानं लाखो मुलींना मोकळं केलं, त्या चेहऱ्याच्या मालकाला मात्र कुणी विचारलंही नव्हतं.

पुढे परदेश जवळ आला. तिकिटं स्वस्त झाली, शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशी तरुण येऊ लागले, आणि लांबच्या राजवाड्यातला गोरा माणूस वर्गात शेजारच्या बाकावर येऊन बसला. १९९५ च्या 'इव्हँजेलियन'मधली आसुका लालसर केसांची, निळ्या डोळ्यांची, जर्मनीहून आलेली. पण तिच्यातही पाव हिस्सा जपानी रक्त आहे. ही पाव-निम्म्याची मोजणी फार बोलकी आहे. परकेपणाची झळाळी हवी, पण संवादाला अडचण नको. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'किनइरो मोझाइक'मध्ये शिनोबू नावाची मुलगी इंग्लंडहून आलेल्या ॲलिसच्या सोनेरी केसांवर इतकी भाळते की केसांपुढे तिला दुसरं काही सुचत नाही; आणि ॲलिस तितकीच जपानवर भाळलेली आहे. त्यातून त्यांची जी मैत्री फुलते ती मला मनापासून आवडते. २०२४ च्या 'आल्या' मालिकेतली अर्धी रशियन नायिका शेजारच्या मुलाबद्दल वाटणारं प्रेम रशियनमध्ये पुटपुटते, कारण त्याला ते कळणार नाही अशी तिची खात्री असते. त्याला सगळं कळतं. तिला आवाज देणाऱ्या सुमिरे उएसाका विद्यापीठात रशियनच शिकलेल्या आहेत, त्यामुळे ते पुटपुटणं ऐकायला फार गोड लागतं.

एक गोष्ट खटकते, ती दडवून कशाला ठेवायची? या सगळ्या देखण्या परदेशात गोराच माणूस आहे. कृष्णवर्णीय माणसं जुन्या मांगात जाड ओठांची व्यंगचित्रं होऊन येत. तेझुकांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत त्याबद्दल आता खुलासा छापलेला असतो. आणि २०१९ मध्ये एका नूडल्स कंपनीच्या ॲनिमे जाहिरातीत नाओमी ओसाका ही टेनिसपटू, जिचे वडील हैतीचे आणि आई जपानी, चक्क गोरीपान रंगवली गेली. टीका झाल्यावर ती जाहिरात मागं घ्यावी लागली. भारतीय माणूस या जगात येतो तो राजपुत्र होऊन. काओरु मोरींच्या 'एमा'मध्ये व्हिक्टोरियाच्या लंडनमध्ये हाकिम नावाचा भारतीय राजपुत्र येतो, तो थेट हत्तींसह. तो देखणा आहे, मुख्य म्हणजे शहाणा आहे, आणि मोरींनी त्याला जीव लावून काढलंय. तरी हत्ती आलेच.

ओस्कारचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी रचून सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. १९७४ मध्ये ती ताकाराझुकाच्या रंगमंचावर पोचली. दिग्दर्शनाला काझुओ हासेगावा होते, काबुकीतून घडलेले जुने चित्रपटनट. १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. जपानी निर्मात्यांनी त्याचं काम सोपवलं होतं झाक देमी या नामांकित फ्रेंच दिग्दर्शकावर, संगीत मिशेल लग्रांचं. चित्रीकरण खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यात झालं. संवाद इंग्रजीत. एका जपानी बाईनं कल्पनेत रचलेलं फ्रान्स फ्रेंच माणसानं, खऱ्या जागेवर, इंग्रजी बोलणाऱ्या नटांकडून, जपानी प्रेक्षकांसाठी उभं केलं, आणि तो चित्रपट तेव्हा फ्रान्समध्ये रीतसर लागलाही नाही. त्याच वर्षी जपानी दूरचित्रवाणीवर चाळीस भागांची ॲनिमे मालिका सुरू झाली. ती 'लेडी ओस्कार' म्हणून १९८२ मध्ये इटलीत आणि १९८६ मध्ये फ्रान्समध्ये दाखवली गेली. फ्रेंच पोरांनी आपली राज्यक्रांती संध्याकाळच्या जपानी कार्टूनमधून पाहिली, आणि २००९ मध्ये फ्रान्सनं इकेदांना लेजियों द'ऑनर हा मानाचा किताब दिला. त्या तोवर गायिकाही झाल्या होत्या. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संगीत महाविद्यालयात रीतसर प्रवेश घेतला होता.

२०२५ मध्ये या कथेवर नवा ॲनिमे चित्रपट आला. तो पाहायला हरकत नाही, पण दोन तासांत बास्तीपर्यंत धावावं लागतं, त्यात बरंच निसटतं. मूळ मांगाचं इंग्रजी भाषांतर मिळतं, तेच आधी हाती घ्या. सुरुवात १७५५ पासून होते : त्या एका वर्षात तीन देशांत तीन मुलं जन्मतात. ऑस्ट्रियात मारी आंत्वानेत, स्वीडनमध्ये तिचा पुढचा प्रियकर फर्सेन, आणि फ्रान्समध्ये, इतिहासात कुठेच नसलेली, ओस्कार.